पुणे ते चिपळूण बॅकअप रडतोय, दोन्हीकडे २०० चं फायबर असून स्पीड १.५ एमबीच्या वर जात नाही

गच्चीवरचा_सर्व्हर
मंडळी मदत हवीये. पुण्यात घरी एन१०० वाला मिनी पीसी आहे, त्याच्यावर देबियन लिनक्स, आणि चिपळूणला आईबाबांकडे रास्पबेरी पाय ४ (छोटा स्वस्तातला कॉम्प्युटर) ठेवलाय, त्याला ५ टीबीची पोर्टेबल यूएसबी डिस्क लावलीये. फोटो, लग्नांचे व्हिडिओ, बाबांच्या हँडीकॅमच्या जुन्या टेपा कन्व्हर्ट करून घेतलेल्या, सगळं मिळून २.५ टीबी. दोन्ही घरांत २०० अप २०० डाउन, स्पीडटेस्ट दोन्हीकडे १९० च्या आसपास येते. मधे टेलस्केल, म्हणजे दोन्ही मशिन खाजगी नेटवर्कने जोडणारं व्हीपीएन. चिपळूणच्या डिस्कचं सांबा शेअर (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारं) पुण्याच्या मशिनवर माउंट करून त्यावर आरसिंक (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) चालवतो, झेड म्हणजे डेटा दाबून पाठवायचा ऑप्शन लावून. स्पीड १.५ एमबी पर सेकंद, म्हणजे नुसती पहिली कॉपीच १९ दिवस चालणार आणि मधे तिकडे लाइट गेली की पुन्हा बोंब. ५०० चा प्लॅन घेऊ का दोन्हीकडे? का आरसिंक सोडून दुसरं काहीतरी बघू?

लॅनवाला
प्लॅनला हात लावू नका हो. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी, त्यातले तुम्ही दीड वापरताय, ५०० घेतलात तरी दीडच राहतील फक्त बिल वाढेल. कॉपी चालू असताना टेलस्केल स्टेटस मारा आणि चिपळूणच्या मशिनपुढे डायरेक्ट लिहिलंय का रिले ते सांगा. त्याच्याशिवाय बाकीची चर्चा फुकट आहे.

गच्चीवरचा_सर्व्हर
रिले. पुढे बीएलआर असं दिसतंय.

लॅनवाला
मग सापडला पहिला चोर. तुमचा डेटा पुणे ते चिपळूण थेट जातच नाहीये, बंगळुरूच्या रिले सर्व्हरवरून फिरून जातोय आणि तो सर्व्हर सगळ्यांचा शेअर्ड असतो, तिथे कुणालाही पूर्ण स्पीड मिळत नाही, तो फक्त कनेक्शन तुटू नये म्हणून आहे. कारण बहुतेक दोन्हीकडे सीजीनॅट, म्हणजे इंटरनेट कंपनी बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी देते. राउटरच्या पेजवर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा, १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही कंपनीच्या नॅटमागे आहात. आणि एक, टेलस्केलचे स्वतःचे आयपीपण ह्याच रेंजमधले असतात, त्यामुळे पीसीवर बघून गोंधळ करू नका, राउटरमध्येच बघा.
उपाय फुकटातला आहे. दोन्ही राउटरवर आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत, प्रत्येक मशिनला स्वतःचा पत्ता मिळतो) चालू करा. बऱ्याच फायबर कनेक्शनवर ते मिळतं पण राउटरमध्ये बंद पडलेलं असतं. दोन्ही मशिनना व्ही६ पत्ता मिळाला की टेलस्केल आपोआप डायरेक्ट होतं, पोर्ट फॉरवर्ड वगैरे काही लागत नाही. नाहीच मिळालं तर एका बाजूला स्टॅटिक आयपी विकत घ्या, एका बाजूला पुरतो.

ठाणे_टू_जर्सी
+१. डायरेक्ट झाल्यावर आधी आयपर्फ३ चालवा, एकदा सरळ एकदा उलट. डिस्क आणि आरसिंक दोन्ही बाजूला ठेवून नुसती लाइन किती देते ते कळतं. माझं एक टोक ठाण्यात आणि एक न्यू जर्सीत, तिकडचा पिंग (डेटा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) २२० मिलिसेकंदाच्या आसपास, त्यामुळे माझी डोकेदुखी वेगळी आहे. ओपनएसएसएच (आरसिंक ज्या एन्क्रिप्टेड कनेक्शनवरून चालतं ते) एका कनेक्शनवर उत्तर यायच्या आत साधारण २ एमबीच हवेत ठेवतं, मग २२० मिलिसेकंदाला २ एमबी म्हणजे सेकंदाला ९ एमबीच्या पुढे एक आरसिंक जातच नाही, लाइन कितीही जाड असू दे. मी फोल्डर वाटून चार आरसिंक एकदम सोडतो आणि लिनक्स कर्नलमध्ये बीबीआर (पाठवायचा वेग ठरवायची पद्धत) चालू केलंय (४.९ पासून आहे ते), एखाददुसरं पॅकेट हरवलं की स्पीड धाडकन खाली यायचा तो प्रकार थांबला. पुणे चिपळूणला ह्यातलं काही लागणार नाही, पिंग डायरेक्ट झाला की बघा, किरकोळ असेल.

गच्चीवरचा_सर्व्हर
वा राव! चिपळूणच्या राउटरवर व्ही६ बंदच होतं, बाबांना फोनवर मेनू वाचून दाखवायला लावला आणि चालू केलं. आता डायरेक्ट. आयपर्फ १७५ देतंय दोन्हीकडून. पण कॉपी ६ ते ७ एमबीवरच अडकलीये, २० तरी यायला हवी होती ना?

कंडक्टर_कोड
सांबा काढा आधी. माउंट केलेल्या फोल्डरला आरसिंक लोकलच समजतं, दोन्ही टोकं त्याच्या लेखी पुण्यातच. फाइल बदलली का हे बघायला एकेका फाइलसाठी चिपळूणपर्यंत हेलपाटा, फोटो हजारोंनी असतील तर निम्मी रात्र नुसतं विचारण्यात जाते. आणि झेडचा तर उलटा तोटा, सांबावरून डेटा तसाही न दाबता जातो, तुमचा सीपीयू उगाच दाबतो आणि सोडतो. शिवाय जेपीजी एमपी४ आधीच दाबलेले, त्यातून काय निघणार.
पायवर आरसिंक टाका आणि एसएसएचने थेट बोला, म्हणजे तिकडच्या फाइली तिकडचाच प्रोसेस बघेल. पार्शल ऑप्शन लावा, मधे लाइन तुटली तरी अर्धी फाइल वाचते. अजून पिळायचं असेल तर पायवर आरसिंक डेमन (मागे कायम चालू राहणारा सर्व्हर) चालवा, फक्त टेलस्केलच्या आयपीवर ऐकणारा. टेलस्केल आतून वायरगार्ड व्हीपीएन आहे म्हणजे एन्क्रिप्शन झालेलंच असतं, त्यावर परत एसएसएचचं कशाला, पाय ४ मध्ये एईएस एन्क्रिप्शनचं हार्डवेअरपण नाही.
आणि डिस्कचा फॉरमॅट काय आहे? विंडोजवाला एनटीएफएस असेल तर बोलायलाच नको.

गच्चीवरचा_सर्व्हर
एनटीएफएस आहे. दुकानातून आली तशीच लावली, म्हटलं उद्या विंडोजला लावता येईल.

कंडक्टर_कोड
वाटलंच. पायवर एनटीएफएस-३जी असेल तर ते फ्यूजमधून, म्हणजे कर्नलच्या बाहेरून चालतं, टॉप कमांडमध्ये बघा एक कोर पूर्ण खाऊन बसलेला दिसेल. लिनक्सचा ईएक्सटी४ करा. आणि निळ्या यूएसबी पोर्टात आहे ना ते बघायला सांगा, काळ्यात असेल तर ३५ एमबीच्या आसपास थांबतं, तुमच्या लाइनला ते चालेल पण उद्या रिस्टोअर करताना रडाल. ५ टीबीच्या छोट्या पोर्टेबल डिस्क जवळजवळ सगळ्या एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) असतात, थोडा वेळ जोरात लिहितात मग धापा टाकतात. रोजच्या बॅकअपला चालेल, २.५ टीबी एकदम ओतताना छळेल.

वाशिष्ठीकाठ
एवढा अभ्यास करताय ते ठीक, पण पहिली कॉपी नेटवरून करताच कशाला? गणपतीला घरी जाणारच ना. डिस्क पुण्यात आणा, लक्स लावून एन्क्रिप्ट करा, ईएक्सटी४, घरच्या लॅनवर पूर्ण भरा आणि पिशवीत घालून घेऊन जा. नंतर रोजचे नवे फोटो म्हणजे ५-१० जीबी, ते ह्या लाइनवर दहा मिनिटांत जातील. फक्त फाइलींची वेळ जपणारी कॉपी करा, म्हणजे आरसिंक ए ऑप्शननेच, फाइल मॅनेजरमधून ओढून टाकलंत आणि तारखा बदलल्या तर आरसिंक सगळंच परत वाचून तपासायला काढेल.
आणि पाय घरात कुठे ठेवलाय? २०२१ च्या जुलैत आमच्याकडे बाजारपेठेत पाणी कुठवर आलं होतं ते आईबाबांना विचारा. तळमजल्यावर असेल तर वर न्या, इन्व्हर्टरच्या लाइनवर.

लॅनवाला
वाशिष्ठीकाठ बरोबर बोलले. आणि रोजच्या जॉबमध्ये डिलीट ऑप्शन असेल तर काढा, पुण्यात चुकून फोल्डर उडाला तर रात्री चिपळूणलापण उडेल. तारखेवार कॉप्या हव्या असतील तर पहिल्या भरणीपासूनच रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम घ्या, बदललेला तुकडाच पाठवतं. नंतर बदलायचं म्हटलं तर २.५ टीबी परत.

गच्चीवरचा_सर्व्हर
पाय खालीच आहे, टीव्हीच्या मागे 😬 भावाला आजच वर हलवायला सांगतो. डिस्क पुढच्या वीकेंडला तो पुण्याला येताना आणेल, गणपतीपर्यंत थांबत नाही. रेस्टिक पाय ४ च्या ४ जीबी रॅममध्ये चालेल का?

कंडक्टर_कोड
चालेल. मेहनतीचं काम पुण्याचा मिनी पीसी करतो, पाय फक्त फाइली घेऊन ठेवतो. प्रून (जुन्या कॉप्यांची साफसफाई) मात्र पुण्याहूनच चालवा. आणि पासवर्ड कागदावर लिहून दोन्ही घरांत ठेवा, तो हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखा.