बॅटरी डिस्चार्ज टेस्ट : कोणती साधनं घेतलीत, काय अनुभव आला?

काल माळा आवरताना जुनी वही सापडली. मी नववीत असताना बाबा आणि मी एक लेड-ॲसिड बॅटरी, तिच्यात किती दम आहे ते बघायला, ५५ वॅटच्या हॅलोजन बल्बवर रात्रभर रिकामी केली होती. दर पंधरा मिनिटांनी ते मीटर बघून आकडा सांगायचे, मी लिहायचो. १२.४ व्होल्ट, १२.३, १२.३, १२.२... आणि पहाटे ११.५ च्या खाली गेल्यावर आकडा भरभर पडायला लागला. शेवटची नोंद : "१०.५. बंद. ४.४०." मधल्या चार नोंदी बाबांच्या अक्षरात आहेत. तेव्हा मी झोपलो होतो, त्यांनी उठवलं नाही.

आता माझ्याकडे जुन्या लॅपटॉप पॅकमधून काढलेले चाळीसेक १८६५० सेल (गोल लिथियम-आयन सेल) आहेत. वही-पेन घेऊन चाळीस रात्री बसणं होणार नाही. इलेक्ट्रॉनिक लोड (बॅटरीतून ठरवलेला करंट ओढणारं यंत्र) घ्यावा, तयार कपॅसिटी टेस्टर घ्यावा की स्वतः बांधावं? पण नुसता सल्ला नको, तुमचे अनुभव सांगा. चुकलेलेही.

रानफूल
रुमाल टाकून ठेवते. मुलीला आणायला निघालेय, आल्यावर लिहिते.

मध्यलय
बल्ब ही अजिबात वाईट निवड नव्हती हं. व्होल्टेज उतरलं की फिलामेंट थोडी थंड होते, तिचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळे करंट साध्या रेझिस्टरइतका घसरत नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा.

तारयंत्र
मीटरचा ऑटो पॉवर ऑफ!! रात्री मीटर लावून झोपलो, सकाळी स्क्रीन कोरी. बऱ्याच मीटरांत चालू करताना एखादं बटण दाबून धरलं की तो बंद करता येतो, मॅन्युअल बघा. आणि मीटरची स्वतःची बॅटरी आधी बदला. ती उतरली की काही मीटर चुकीचं, बहुधा जास्तच, रीडिंग दाखवतात आणि आपण टेस्टच्या बॅटरीचं कौतुक करत बसतो.

कवडसा
मी चार वर्षं सेल मापतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेस्टर निवडताना मी आता एकच गोष्ट आधी बघतो, चार तारा आहेत का. दोन जाड तारांतून करंट जातो, दोन बारीक तारा थेट सेलच्या टोकांवर फक्त व्होल्टेज बघतात. माझा पहिला टेस्टर दोन तारांचा होता. स्प्रिंगचा होल्डर आणि तारा मिळून ०.१५ ओहम धरा, १ अँपिअरला ०.१५ व्होल्ट तिथेच गळतात. सेल २.९५ ला असताना टेस्टरला २.८, म्हणजे थांबायचं व्होल्टेज, दिसतं आणि तो वेळेआधीच थांबतो. वर तोच सेल काढून परत बसवला की स्पर्श बदलतो, आकडाही बदलतो. दोन महिने मी सेलना दोष देत होतो. चाळीस सेलची आपसात तुलना करायची असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

इलेक्ट्रॉनिक लोड घेणार असाल तर वॅट बघा. १५० व्होल्ट, १० अँपिअर, १५० वॅट असं लिहिलेलं असतं, पण तिन्ही एकदम मिळत नाहीत. २४ व्होल्टला १५० वॅट म्हणजे सव्वासहा अँपिअर, संपलं. एका सेलला हा प्रश्न येत नाही, पण पुढे पॅक मापायचा झाला की येतोच. हॉबी चार्जरमध्ये (रिमोटच्या गाड्या-विमानांच्या बॅटरीचा चार्जर) डिस्चार्जची सोय असते, पण ती बहुतेक वेळा ५ वॅटच्या आसपास. १२ व्होल्टला जेमतेम ०.४ अँपिअर.

जुनीवही (धागाकर्ता)
@कवडसा, चार तारांचं माहीतच नव्हतं. यादीतले दोन टेस्टर आत्ताच खोडले.

चक्री
मी लोड आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) बांधला. करंट आवरायला लॉजिक लेव्हल मॉसफेट आणि ऑपॲम्प, वर मोठा हीटसिंक. लोड छान चालला, मोजमाप फसलं. आर्डुइनो उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्ट. तेही चाललं असतं, पण ते ५ व्होल्ट यूएसबीतून येत होते आणि केबल बदलली की तेही बदलायचे. शेवटी आयएनए२१९ या करंट-व्होल्टेज मोजणाऱ्या चिपचा मॉड्यूल लावला. त्यावर ०.१ ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) असतो, ३.२ अँपिअर आणि २६ व्होल्टपर्यंत जातो, एका सेलला भरपूर.

पण खरं रडवलं लॅपटॉपने. अकराव्या तासाला स्लीपमध्ये गेला, लॉग तिथेच तुटला, लोड मात्र चालूच. कटऑफ, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजला लोड बंद करणं, लॅपटॉपच्या प्रोग्रॅममध्ये होता. सेल सकाळी ०.९ व्होल्टला सापडला. तेव्हापासून कटऑफ लोडच्या आतच हवा, हा माझा नियम. कॉम्प्युटरने फक्त लिहायचं.

तारयंत्र
@चक्री, तो सेल परत चार्ज केला नाहीस ना?

चक्री
नाही. इतका खाली गेला की आतलं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना आत शॉर्ट होऊ शकतो, हे वाचलं होतं. वेगळा काढून रिसायकलिंगला दिला.

सांजवारा
माझं थोडं वेगळं आहे. आईला घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागायचा. इन्व्हर्टरची बॅटरी १५० एएच (अँपिअर-तास), कागदावरचा हिशोब पाच तासांचा. मला त्यावर विसंबायचं नव्हतं. मशीन न लावता १०० वॅटचे तीन बल्ब लावले आणि घड्याळ घेऊन बसले. दोन तास पन्नास मिनिटं. बॅटरी दोन वर्षांची होती, आणि १५० हा आकडा वीस तासांच्या डिस्चार्जचा, म्हणजे साडेसात अँपिअरचा. इथे जवळपास तीस अँपिअर जात होते. त्या दिवशी दुसऱ्या बॅटरीची सोय केली. पुढे एकदा चार तास वीज गेली. आईला कळलंही नाही. एवढंच सांगायचं होतं.

मध्यलय
@सांजवारा, फार मोठं काम केलंत. आई कशा आहेत आता?

सांजवारा
दीड वर्षापूर्वी गेल्या. शांतपणे.

मध्यलय
🙏

रानफूल
सांजवारा, तुझा प्रतिसाद वाचून थांबलेच जरा. मिठी.

आले परत. माझ्याकडे कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे बत्तीस एए सेल आहेत, निकेल-मेटल हायड्राइड. मी चार खणांचा, डिस्चार्जची सोय असलेला चार्जर घेतला. आधी मोठा इलेक्ट्रॉनिक लोड आणला होता, पण तो १ व्होल्टला ठरवलेला करंट ओढूच शकत नव्हता. घेताना किमान व्होल्टेज बघा गं बायांनो आणि बाप्यांनो. ०.२ सी ने (क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या करंटने) १ व्होल्टपर्यंत उतरवते, मास्किंग टेपवर एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहून सेलवर चिकटवते. सारख्या आकड्यांचे चार-चार एकत्र. कमजोर सेल आता तीन चांगल्यांच्या बरोबर जात नाही, फ्लॅश मधेच बंद पडायचा तो थांबला.

पाणकणीस
अवांतर : नाण्यासारखा सीआर२०३२ सेल कोणी लॉग केलाय का? माझं सेन्सरचं सर्किट झोपेत ८ मायक्रोअँपिअर खातं. मीटर मायक्रो रेंजवर लावला की जागं होताना रीसेट होतं.

कवडसा
मीटरचा आतला शंट. मायक्रो रेंजमध्ये काही मीटरांत तो १०० ओहमच्या आसपास असतो. झोपेत काही फरक पडत नाही, पण जागं होऊन २० मिलिअँपिअर मागितले की २ व्होल्ट तिथेच पडतात. सर्किटच्या बाजूला मोठा कपॅसिटर लावून बघा, पण त्याची स्वतःची गळती आधी मोजा.

पाणकणीस
ओह! आठवडा घालवला यात. रात्री बघतो.

तारयंत्र
कोणी क्लँप मीटर घेणार असेल तर डीसी मोजणाराच घ्या. साधा एसीवाला बॅटरीच्या तारेवर शून्यच दाखवतो. डीसीवालाही दर वेळी आधी झीरो करायचा.

रानफूल
@जुनीवही, त्या चार नोंदींच्या पानाचा फोटो टाक ना.

जुनीवही (धागाकर्ता)
टाकतो संध्याकाळी. चार तारांचा, आतच कटऑफ असलेला चार खणांचा टेस्टर मागवलाय. २ व्होल्टच्या खाली सापडलेले सात सेल आधीच बाजूला काढले, ते मापणारच नाही.

बाबांना वही दाखवली. बराच वेळ पानं उलटत होते. मग विचारलं, "टेस्ट संपल्यावर ही लगेच चार्जला लावली होती ना आपण? लेड-ॲसिड रिकामी ठेवायची नसते." मी म्हटलं, तुम्हीच लावली असणार, मला आठवत नाही. त्यांनी पान उलटलं. मागे त्यांच्याच अक्षरात होतं : "४.५५. चार्जिंग सुरू."