लेझरने तापायला हवं, थंड कसं होतं?
वर विचारलंय की लेझरने वस्तू तापते मग अणू थंड कसा होईल, मलाही आधी हेच कळेना. गंमत अशी की लेझरचा रंग अणू जो रंग शोषतो त्यापेक्षा किंचित लालकडे ठेवतात, मग जो अणू लेझरच्या दिशेने धावत येतो त्यालाच डॉप्लर परिणामामुळे (समोरून येणाऱ्याला प्रकाश किंचित निळसर भासतो) तो बरोब्बर जुळतो आणि समोरून फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, टपली बसून वेग घटतो; अणू थंड होणं म्हणजे त्याचा वेग कमी होणंच. सोडियमच्या अणूचा वेग एका टपलीत जेमतेम सेकंदाला ३ सेंटीमीटर घटतो, म्हणजे भट्टीतून सेकंदाला १००० मीटरने सुटलेल्याला तीसेक हजार टपल्या हव्यात! तरी काम एक-दोन मिलीसेकंदांत उरकतं. १९८५ला अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन चू आणि मंडळींनी सहा बाजूंनी लेझर लावले, नाव दिलं ऑप्टिकल मोलॅसिस, म्हणजे आपली काकवीच की, मुंगी पडल्यासारखे अणू त्यात रांगतात.