१५०-१६० मेगाहर्ट्झची व्यावसायिक अँटेना टू मीटर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा हॅम रेडिओ बँड) रिपीटरला, म्हणजे ऐकलेलं लगेच पुन्हा प्रसारित करणाऱ्या स्टेशनला, चालवायची आहे. कापू, जोडू की आहे तशीच चढवू?

घाटमाथा
मंडळी, आमच्या ग्रुपच्या रिपीटरसाठी एका बंद पडलेल्या ट्रान्सपोर्ट कंपनीची चार फोल्डेड डायपोलची (नळीच्या लांबट बंद वेढ्यांची) अँटेना मिळाली. भंगाराच्या भावात, तीही क्लॅम्पसकट. लेबलवर १५०-१६० मेगाहर्ट्झ लिहिलंय. आपल्याला हवं १४५ च्या आसपास ट्रान्समिट आणि ६०० किलोहर्ट्झ खाली रिसीव्ह. गच्चीवर पाइपाला बांधून खालून मोजली तर १४५ ला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.२ आला! म्हणजे काहीच न करता चालेल असं दिसतंय, पण मन मानत नाही. परवाना, जागा सगळं झालंय. पाऊस लागायच्या आत डोंगरावर न्यायची आहे. सल्ला द्या.

तांब्याचीतार
मन मानत नाही हे बरं आहे. खालून म्हणजे किती केबलच्या खालून? आणि कोणती केबल?

घाटमाथा
घरात पडलेली आरजी-५८, साधारण ३० मीटर.

तांब्याचीतार
मग तू केबल मोजलीस, अँटेना नाही. १४५ ला ३० मीटर आरजी-५८ मध्ये जवळपास ६ डीबी, म्हणजे पाऊण शक्ती, जातात. जाताना ६, परतीच्या लाटेला पुन्हा ६. वरचं टोक उघडं सोडलंस तरी खाली मीटर १.७ च्या आसपासच दाखवेल. करून बघ, करमणूक होईल. मग नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) घेऊन वर चढ, अँटेनाच्या कनेक्टरला लागणाऱ्या छोट्या केबलच्या टोकावर कॅलिब्रेशन कर आणि तिथे मोज.

घाटमाथा
केलं. अँटेना काढली तरी मीटर १.७. बायको विचारत होती, गच्चीवर एकटाच का हसतोयस.
खरे आकडे असे: सगळ्यात कमी १.२, पण १५५ ला. १४५ ला २.४.
डायपोलची टोकापासून टोकापर्यंत लांबी साडेएक्क्याण्णव सेंटीमीटर.

आर्गनवाला
अँटेना आखूड आहे, सरळ गोष्ट. १५५ भागिले १४५ म्हणजे १.०६९. तुझी लांबी ९७.८ सेंटीमीटर हवी, म्हणजे प्रत्येक टोकाला सव्वातीन सेंटीमीटर वाढव; त्याहून कमी नको, त्यातले एक-दोन मिलीमीटर वेल्डिंगमध्ये इकडेतिकडे होतात. लूपचे दोन्ही यू वाकडे भाग कापायचे, वरच्या-खालच्या दोन्ही नळ्यांमध्ये आत घट्ट बसणारा ॲल्युमिनियमचा तुकडा घालायचा आणि आर्गन वेल्डिंग करून घ्यायचं. डायपोलला चार जोड, एकूण सोळा. स्क्रू किंवा पॉप रिव्हेट अजिबात नको. एका पावसाळ्यात जोड पांढरा पडतो आणि त्यावर ट्रान्समिट केलं की तोच जोड रिसीव्हरला खरखर पाठवतो. साध्या बेस स्टेशनला हे कळतही नाही. रिपीटर एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो, त्याला लगेच कळतं.

जुनाखोडरब
अरे, सोळा जोड कशाला? सहा टक्के आखूड डायपोल रेडिएट करायला मुळीच कुरकुर करत नाही. बिघडतो तो फक्त इम्पीडन्स, म्हणजे केबलच्या ५० ओहमशी जुळणी. चारही सारखेच आखूड आहेत, म्हणजे चौघांमधला फेजही सारखाच राहतो. अँटेना खालपासून वरपर्यंत तशीच राहू दे, जोडणी मात्र वरच, अँटेनाजवळ सुधारून घे. रिपीटरला काही अख्खा बँड लागत नाही, ६०० किलोहर्ट्झचा पट्टा लागतो.
२.४ ला हिशेब सोपा आहे. आरजी-२१३ केबलमध्ये वेग प्रकाशाच्या ०.६६ पट, म्हणजे १४५ ला केबलमधली तरंगलांबी १३६५ मिलीमीटर. अँटेनापासून केबल थोडी थोडी लांबवत जा. जिथे व्हीएनए रिअ‍ॅक्टन्स शून्य आणि रेझिस्टन्स २१ ओहम दाखवेल, तिथून ट्रान्समीटरकडे १२४ मिलीमीटर पुढे टी लाव आणि टी ला १६० मिलीमीटरचा उघड्या टोकाचा स्टब (जुळणीसाठी लावलेला केबलचा तुकडा). स्टब आधी १८० चा ठेव आणि पक्कडने कापत कापत खाली ये. कापलेलं परत येत नाही. शेवटी टोक स्वतःला चिकटणाऱ्या रबर टेपने बंद.

आर्गनवाला
काका, हिशेब बरोबर, पण स्टबखाली आजारी डायपोल लपतो त्याचं काय? चारातला एक मेलेला असला तरी स्टब १.१ दाखवेल.

जुनाखोडरब
हे मान्य. म्हणून आधी तपासणी. घाटमाथा, व्हीएनए लावलेला ठेव आणि एका माणसाला एकेका डायपोलच्या टोकाला हात लावायला सांग. प्रत्येक वेळी वक्ररेषा सारखीच हलली पाहिजे.

पावसाळी
दोघांच्या वादात एक राहिलं. वर न्यायची केबल कोणती? ज्या केबलमध्ये ॲल्युमिनियम फॉइलवर कलई केलेल्या तांब्याची जाळी असते ती डुप्लेक्स वापराला, म्हणजे एकाच वेळी बोलायला-ऐकायला, नको. नव्याने छान चालते, मग दोन धातू एकमेकांवर घासून खरखर करायला लागतात. डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर ट्रान्समिट आणि रिसीव्ह वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरच्या) आसपास चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या दुहेरी जाळीची आरजी-२१४ घ्या.
आणि खरखर झालीच तर ती शोधायची पद्धत: कमकुवत सिग्नल ऐकत राहा, ट्रान्समीटर चालू करा. डुप्लेक्सरला आधी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर) लावून, मग अँटेना लावून. डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर खरखर, तर डुप्लेक्सरला शिव्या देऊ नका, दोष त्याच्या पलीकडे आहे.

घाटमाथा
रविवारी भाच्याला वर चढवलं. पहिला, दुसरा आणि चौथा डायपोल हात लावला की रेषा उडी मारते. तिसऱ्याला काहीच नाही, मिठी मारली तरी नाही. त्याच्या हार्नेसची (चारही डायपोल एकत्र जोडणाऱ्या केबलच्या तुकड्यांची) साल काढली तर आतली जाळी हिरवीगार. पाणी गेलंय.

जुनाखोडरब
मग २.४ हा आकडाच खोटा होता. माझा १२४ आणि १६० दोन्ही पुसून टाक.
आता हार्नेस उघडतोयसच, तर सगळे तुकडे नवे कर. प्रत्येक डायपोल सुटा झाला की एकेकटा मोज. आरजी-११, ७५ ओहम, भरीव पॉलिथिनची. पाव तरंगलांबी ३४१ मिलीमीटर, ती पोचणार नाही, म्हणून पाऊण घे: १०२४. ५० ओहमचे दोन डायपोल अशा दोन तुकड्यांतून आले की प्रत्येकी ११२.५ ओहम, समांतर जोडले की ५६. दुसऱ्या दोन डायपोलना हेच, आणि दोन्ही जोड्या एकत्र आणतानाही पुन्हा असेच तुकडे. केबल टीव्हीवाल्याकडची फोमची आरजी-११ घेऊ नकोस, तिचा वेग वेगळा आणि जाळी ॲल्युमिनियमची.
सुटे डायपोल १४५ ला फार वाईट निघाले तर आर्गनवाल्याचं ऐक. तेव्हा मी आडवा येणार नाही.

आर्गनवाला
धागा जपून ठेवतो काका, तारखेसकट. घाटमाथा, जुने तुकडे कापण्याआधी त्यांची लांबी कनेक्टरसकट लिहून ठेव. मी शनिवारी मोकळा आहे, नळीचा बाहेरचा आणि आतला व्यास पाठव.

घाटमाथा
बाहेरचा १६, आतला १३ मिलीमीटर. चहा आणि वडापाव माझ्याकडे. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).