अकरा आठवडे झाले, माझा बॉल पायथन काही खात नाहीये

केतकीपान:
माझ्याकडे चार वर्षांचा नर बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा अजगर, आहे. नाव मोहरा. वीतभर पिल्लू होता तेव्हापासून माझ्याकडे आहे आणि आजवर त्याने एकदाही खायला नको म्हटलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी ७०-८० ग्रॅमचा गोठवलेला उंदीर कोमट करून चिमट्याने समोर धरला, की दोन सेकंदांत झडप.

शेवटचं खाल्लं त्याला अकरा आठवडे झाले. त्यानंतर आठच दिवसांनी मी त्याला नव्या पेटीत हलवलं: काचेची, चार फूट लांब, दोन फूट रुंद, वर जाळीचं झाकण. इतकी वर्षं लहान जागेत काढली, आता जरा ऐसपैस मिळावं एवढीच इच्छा होती. तेव्हापासून उंदीर पुढे केला की तोंड फिरवतो. जास्त गरम करून पाहिला, लहान दिला, वेगळ्या रंगाचा दिला, रात्रभर आत ठेवला. एकदा झडपेआधी होते तशी मानेची नागमोड झाली, मी श्वास रोखून बसले, पण तो हळूच मागे सरकून आत गेला. दर तीन-चार दिवसांनी प्रयत्न करते. रोज बाहेर काढून वजनही करते. पेटी बदलली तेव्हा १,३४० ग्रॅम होता, आज १,२८२ भरला. कालपासून डोळे किंचित दुधाळ वाटतायत, पण तो माझ्या काळजीचा भास असेल तर माहीत नाही.

एकाने सांगितलं, तोंड उघडून आत सरकव. दुसऱ्याने सांगितलं, जिवंत उंदीर सोड. दोन्हीला माझा हात धजत नाही. काय करू?

नागमोडी:
वयात आलेला नर आहे, थंडीचे दिवस आहेत. या जातीचे नर विणीच्या हंगामात महिनोन्महिने खात नाहीत. माझा दरवर्षी चारेक महिने उपाशी बसतो आणि नंतर आपणहून खायला लागतो. वजन जेमतेम चार टक्के उतरलंय. धीर धरा.

सावकाश:
नागमोडी म्हणतात ते खरं आहे, पण मी सगळं हंगामावर टाकून मोकळा होणार नाही. मागच्या थंड्यांत मोहरा खात होता. यंदा नवीन काय आहे, तर पेटी. म्हणून आधी पेटीकडे बघू.

केतकीताई, तुम्ही सगळे आकडे दिलेत, तापमान मात्र दिलं नाहीत. उबेच्या बाजूला जमिनीलगत, जिथे त्याचं पोट टेकतं तिथे, किती आहे? थंड बाजूला किती? आर्द्रता किती? काचेला चिकटवलेल्या काट्याच्या गोल मापकावर जाऊ नका, तो भलतंच दाखवतो. प्रोब (वायरच्या टोकाचा मोजणारा भाग) असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि प्रोब लपायच्या जागेच्या आत ठेवा.

मी एवढा मागे लागतोय त्याला कारण आहे. माझ्या मादीने सात आठवडे खाल्लं नव्हतं तेव्हा मी घाबरून तिच्या तोंडात उंदीर सरकवला. तिसऱ्या दिवशी तिने तो उलटून टाकला. तो वास आणि तिची ती गळून पडलेली मान मी विसरलेलो नाही. थर्मोस्टॅटचा, म्हणजे ऊब ठरलेल्या अंशावर राखणाऱ्या यंत्राचा, प्रोब जागेवरून सरकला होता आणि उबेच्या बाजूला जेमतेम २७ अंश होते. सापाचं शरीर आतून तापत नाही. बाहेरची ऊब मिळाली नाही तर गिळलेलं पचत नाही, पोटात कुजतं. म्हणजे ती खात नव्हती तेच बरोबर होतं आणि मी तिला बळजबरीने चूक करायला लावली. त्यानंतर चिमटा दिसला तरी ती डोकं वेटोळ्यात खुपसायची. पुन्हा माझ्यासमोर खायला तिला पाच महिने लागले.

तेव्हा बळजबरी नको. जिवंत उंदीरही नको. न खाणाऱ्या सापासमोर सोडलेला उंदीर सापालाच कुरतडतो, पाठीचं कातडं हाडापर्यंत फाडलेले साप मी पाहिलेत.

आणि दुधाळ डोळे हा भास नसावा. कात टाकायला आला असेल. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, बहुतेक साप तेव्हा खातही नाहीत. कात पडेपर्यंत उंदीर दाखवूच नका.

केतकीपान:
मोजलं. गोल मापक ३२ दाखवतंय, प्रोबवर २७.८ आलं. थंड बाजूला २३.५. आर्द्रता दिवसा ३८ टक्के. लपायला एकच जागा आहे, मोठं पालथं भांडं, त्यात त्याच्यासारखे दोन मावतील. तीन महिने मी त्याला गारठ्यात ठेवलं होतं. वाचताना हात कापले माझे.

सावकाश:
सापडलं ना, आता दुरुस्त होईल. उबेच्या बाजूला ३१-३२ आणि थंड बाजूला २५-२६ अंश येऊ द्या, थर्मोस्टॅटशिवाय काही चालू ठेवू नका. जाळीतून ऊब आणि ओल दोन्ही उडून जातात, तेव्हा जाळीचा उबेच्या दिव्यापासून लांबचा भाग झाका. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास हवी.

लपायच्या जागा दोन करा, एक उबेला, एक गारव्याला. आत शिरल्यावर अंगाला चारी बाजूंनी भिंत लागली पाहिजे, इतक्या अरुंद. हा साप निसर्गात बिळात राहतो, उघडी मोकळी जागा त्याला धोक्याची वाटते. पेटी मोठी असण्यात वाईट काही नाही, फक्त ती पानांनी, लाकडांनी, सालींनी भरून टाका. तीन बाजूंच्या काचा बाहेरून झाका.

मग हात लावणं बंद. वजन आठवड्यातून एकदाच.

हिरवीकात:
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून थोडी भर. या गोष्टी दिसल्या तर पेटी सुधारण्यात दिवस घालवू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जा: तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे, घरघर, हिरड्यांवर पनीरासारखा पिवळट थर, उलटी. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तरीही जा. जाताना ताजी विष्ठा मिळाली तर न्या, जंतांची तपासणी होते. आणि हा धागा वाचणाऱ्या पिल्लूवाल्यांना सांगते, चार महिने धीर धरायचा हिशोब मोठ्या, अंगाने भरलेल्या सापाचा आहे. पिल्लाच्या अंगात तेवढा साठा नसतो.

केतकीपान:
पाच आठवड्यांनी लिहितेय.

आता ३१.५ आणि २५.५, आर्द्रता ६० च्या वर. नवव्या दिवशी अख्खी कात एका तुकड्यात पडली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. वजन १,२७६ वर थांबलं. कात पडल्यावर आठवड्याने एकदा उंदीर दिला, नाही घेतला. पूर्वीची मी असते तर तिसऱ्या दिवशी पुन्हा धरला असता. या वेळी दहा दिवस थांबले.

परवा रात्री, तो स्वतः बिळाच्या तोंडाशी येऊन बसला होता तेव्हा, ५० ग्रॅमचा दिला. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. डोक्याचा भाग ३९ अंश होईपर्यंत, कारण ओठांवरच्या खळग्यांनी त्याला ती ऊब कळते असं वाचलं. चार मिनिटं जीभ लपलपवत होता. माझा हात थरथरत होता, म्हणून मी उंदीर बिळाच्या दाराशी ठेवला, खोलीतला दिवा मालवला आणि निघून गेले.

सकाळी उंदीर नव्हता. टॉर्च घेऊन दोन्ही बिळांभोवती, पानांखाली, पाण्याच्या भांड्यामागे शोधला. कुठेच नव्हता. मोहराच्या पोटाला मधोमध फुगवटा होता. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

अजून हात लावलेला नाही. सावकाशदादा, पुढचाही लहानच द्यायचा ना?

सावकाश:
हो. पुढचे दोन लहानच, मध्ये दहा-बारा दिवस जाऊ द्या. आणि परवासारखंच, ठेवा आणि निघून जा.