बनाना ब्रेड मधून गच्च राहतोय, दोनदा फसला, काय चुकतंय?

रावेरची_सून
नमस्कार मंडळी, मदत पाहिजे. आमच्याकडे मृगबागेची (मृगात लावलेल्या केळीची) कापणी चालू आहे, गाडी भरली की व्यापाऱ्याने बाजूला काढलेल्या फण्या घरी येतात आणि मग चार दिवसात सगळ्या एकदमच पिकतात. शेजारी द्यायची सोय नाही, त्यांच्याही घरात तेच. शिकरण खाऊन खाऊन पोरं आता केळं बघितलं की पळतात, म्हणून म्हटलं बनाना ब्रेड करू. घरात अंडं चालत नाही. घेतलं काय तर २०० ग्रॅम कणीक, ४ केळी, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी तेल, १ चमचा खायचा सोडा, १ चमचा बेकिंग पावडर. ओटीजी १८० वर, ४० मिनिटं. वरून काळपट झाला आणि कापला तर मधे शिरा. दुसऱ्यांदा तासभर ठेवला तर वरचं जळालं, खालचं खापरासारखं कडक, आणि मधे परत चिकटच!! सासूबाई काही बोलल्या नाहीत पण गाईला घालायला स्वतः घेऊन गेल्या.
आणि अजून एक, नानखटाई केली तर सगळ्या एकमेकींना चिकटून एकच मोठा पापड झाला. तूप घरचंच होतं.

सातपुडा_पायथा
ताई या भानगडीत पडता कशाला, सरळ वरण-बट्टी करा, घोटलेली वांगी करा आणि आम्हाला बोलवा. आमचे आजोबा शेतात गोवऱ्या पेटवून त्यात बट्ट्या भाजायचे, ना ओटीजी ना टायमर, वास आला की झाली. मस्त शे!

भुसावळ_जंक्शन
वरच्या भाऊंचं सोडा, बट्टी मलाही आवडते पण पिकलेल्या केळ्यांचं काय करायचं ते त्यांनी सांगितलंच नाही 😀

ताई माझ्या मते तुमची गडबड ओव्हनमधे नाही, "४ केळी" मधे आहे. इंटरनेटवरच्या रेसिपीत लिहिणाऱ्याचं केळं केवढं असतं देव जाणे, आपल्याकडचं जी-नाईन जातीचं केळं चांगलं पोसलेलं असतं. मोजून नका घेऊ, वजन करा. २०० ग्रॅम कणकेला सोललेला, कुस्करलेला गर २५० ग्रॅम, फार तर २७५. त्याच्या वर गेलं की तुम्ही ब्रेड नाही हलवा भाजताय, दोन तास ठेवला तरी मधलं पाणी कुठे जाणार.

दुसरं म्हणजे सोडा जास्त झालाय. एवढ्या पिठाला अर्धा चमचा सोडा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर पुष्कळ, चमचा म्हणजे मापाचा छोटा, पोह्यांचा नाही. सोड्याला आंबट काहीतरी लागतं म्हणून २-३ चमचे दही घाला, अंडं नाही तर त्याचाही थोडा आधार होतो. सोडा उरला की साबणासारखी चव येते आणि रंगही लवकर काळा पडतो, वर तुमचा गूळ, तो तर साखरेच्या आधी करपतो. म्हणून १८० नको, १६५-१७० ठेवा, अर्ध्या तासाने वरून फॉइल नुसतं अलगद टाका, झाकून घट्ट करू नका. ५५ ते ६५ मिनिटं लागतात. मधोमध सुरी घालून बघा, पीठ लागलं नाही पाहिजे, जरा ओलसर कण लागले तर चालतंय.

आणि कणीक घातली की फेटत बसू नका हो, पोळीच्या कणकेसारखं मळलं गेलं की रबर झालंच समजा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, लगेच डब्यात ओतून ओव्हनमधे. गरम असताना कापायचा मोह सगळ्यांना होतो, पण पूर्ण गार झाल्याशिवाय मधलं बसत नाही. हे मला आमच्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारच्या आँटींनी शिकवलं, नाताळचा केक त्या कापायच्या दुसऱ्या दिवशी आणि आम्ही पोरं रात्रभर त्यांच्या दाराशी.

रावेरची_सून
अगं बाई, वजन! हे डोक्यातच आलं नाही. केळी किती पिकलेली पाहिजेत पण? माझी पिवळीधम्मक होती.

भुसावळ_जंक्शन
अजून दोन दिवस थांबायचं. सालावर काळे ठिपके भरून आले पाहिजेत, तेव्हा गोडी चढते, मग गूळ निम्मा केला तरी चालतो. एकदम पिकली तर सोलून पिशवीत भरून फ्रीजरमधे टाका, साल काळं होतं म्हणून सोलूनच टाकायची. वितळल्यावर पाणी सुटतं, ते वजनात धरा.

नंदुरबारी_पोरगी
नानखटाईचं मी सांगते, आमचं अर्धं घर सुरतेला आहे आणि नानखटाई मुळात तिकडचीच, डच लोकांच्या बेकरीतून आली असं सांगतात. माझं प्रमाण वजनाने: मैदा २ भाग, तूप १, पिठीसाखर १, मैद्यातला थोडा भाग बेसन. तुमचं तूप पातळ होतं ना? मे महिन्यात ४४-४५ डिग्रीला तूप तेलासारखं होतं, ते घातलं की भाजायच्या आधीच पीठ पसरायला बसलेलं असतं. तूप फ्रीजमधे ठेवून रवाळ होऊ द्या, मग साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेटा (इथे मात्र फेटायचं!). गोळे करून ट्रेसकट २० मिनिटं फ्रीजमधे, आणि ओव्हन आधी तापलेला पाहिजे. दोन गोळ्यांत दोन बोटं जागा. १६० वर १५-१८ मिनिटं, काढताना मऊ लागतील, घाबरू नका, गार झाल्यावर खुसखुशीत होतात.
आमची आई म्हणते तुम्हाला एवढं कळत नाही, दिवाळीला बेकरीवर घरचं सामान घेऊन नंबर लावायचा आणि डबे भरून आणायचे, विषय संपला. तिचंही खरंच आहे म्हणा.

धुळे_डबा
लाईटचा भरवसा नसेल तर कुकर आहेच. जुना कुकर घ्या, नवा खराब होतो, तळाला वाटीभर मीठ, त्यावर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढून १० मिनिटं तापवा, मग डबा ठेवून मंद गॅसवर ५०-६० मिनिटं. वरून रंग येत नाही, चव तीच. पाणी घालायचं नाही, हे सांगतोय कारण आमच्या बहिणीने घातलं होतं.
दादरच्या (आपल्याकडच्या ज्वारीच्या) पिठाची बिस्किटं कोणी केलीत का? माझी हातात घेतली की भुगा.

नंदुरबारी_पोरगी
ज्वारीला चिकटपणा नसतो ना, भाकरी तरी गरम पाण्याशिवाय कुठे थापली जाते. निम्मी कणीक मिसळा, दोन चमचे दूध घाला, मळून अर्धा तास झाकून ठेवा. नुसत्या दादरची पाहिजे तर जाड थापा, पातळ लाटायच्या भानगडीत नको.

रावेरची_सून
आली सांगायला. काल वजन केलं, चार केळ्यांचा गर ५१० ग्रॅम!!! म्हणजे मी दुप्पट घालत होते. या वेळी २६० घेतला, ठिपकेवाली केळी, दही ३ चमचे, सोडा अर्धा, १७० वर ६० मिनिटं, फॉइल टाकलं. मधून शिजलाय, जाळी पडलीय. वरून जरासा खाली बसला, बहुतेक मी मधेच दोनदा दार उघडून बघितलं म्हणून. सासूबाईंनी रात्री काही न बोलता दोन तुकडे तव्यावर तूप सोडून भाजून घेतले, आज सकाळी विचारलं, तो उरलाय का गं कालचा. तूप फ्रीजमधे ठेवलंय, संध्याकाळी नानखटाई.
उरलेला २५० ग्रॅम गर फ्रीजरमधे, आणि अंगणात अजून सहा फण्या आहेत.

सातपुडा_पायथा
पत्ता पाठवा ताई, बट्टी आम्ही घेऊन येतो.