उष्णतेवर चालणारा शोषण चिलर केळीचा कमी-जास्त होणारा भार कसा सांभाळतो?

प्रश्न : केळी उत्पादक, रावेर तालुका

सप्रेम नमस्कार. आमच्या शेतकरी गटाचे केळी पिकवण्याचे चार चेंबर असून ते सध्या कॉम्प्रेसरवर चालतात. शेजारच्या प्रक्रिया युनिटात पराटी आणि तुरीच्या काड्यांच्या ब्रिकेटवर चालणारा बॉयलर आहे व त्याचे बरेचसे गरम पाणी वाया जाते. त्या पाण्यावर शोषण पद्धतीचा चिलर (उष्णतेच्या जोरावर पाणी थंड करणारे यंत्र) बसवावा, असा विचार गटात चालू आहे. लहानपणी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आरोग्य केंद्रात लसींसाठी रॉकेलचा फ्रीज पाहिला होता, त्यामुळे खाली ज्योत आणि आत बर्फ या गोष्टीचे नवल आता राहिलेले नाही. अडचण वेगळी आहे. आमच्याकडे कापणीच्या दिवशी दुपारपर्यंत दोन-तीन गाड्या एकदम लागतात आणि नंतर दोन दिवस चेंबर जवळजवळ मोकळे असतात. कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे चालू-बंद होतो. पण ज्यात कॉम्प्रेसरच नाही, ते यंत्र अशा चढउतारांना कसे तोंड देते? शिवाय अमोनियाचे यंत्र घ्यावे की लिथियम ब्रोमाइड या क्षाराचे, याबाबतही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त यंत्र अभियंता, भुसावळ

नमस्कार भाऊ. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. केळीची साठवण १३ ते १४ अंशांना आणि पिकवणे साधारण १६ ते १८ अंशांना होते. १३ अंशांखाली गेल्यास साल काळवंडते. म्हणजे ७ अंशांचे थंड पाणी मिळाले तरी तुमचे काम भागते आणि ते लिथियम ब्रोमाइडचे यंत्र आरामात देते. अमोनिया-पाण्याचे यंत्र शून्याखाली जाऊ शकते, म्हणून बर्फाच्या कारखान्याला ते योग्य. फर्दिनां कारे या फ्रेंच माणसाने १८५९ साली पेटंट घेतले तेही त्याच जातीचे. मात्र अमोनिया विषारी, त्याचे दाब मोठे आणि वाफेसोबत येणारे पाणी वेगळे काढण्यासाठी रेक्टिफायर लागतो. उष्णता हेलकावे खाऊ लागली की त्या रेक्टिफायरचा तोल जातो, पाणी इव्हॅपोरेटरमध्ये (थंडी तयार होते त्या भागात) साचते आणि थंडी कमी होते. केळीसाठी एवढे लोढणे गळ्यात बांधून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मूळ प्रश्न. लिथियम ब्रोमाइडच्या यंत्रात थंडी देणारा पदार्थ साधे पाणी असते. इव्हॅपोरेटरमध्ये पाऱ्याच्या साधारण साडेसहा मिलिमीटर इतकाच दाब राखलेला असल्याने (बाहेरच्या हवेचा ७६०) तिथे पाणी ५ अंशांनाच उकळते आणि त्यासाठी लागणारी उष्णता चेंबरकडून आलेल्या पाण्यातून ओढून घेते. ही वाफ तिथेच साचली तर दाब वाढून उकळणे थांबेल. म्हणून शेजारच्या ॲब्सॉर्बरमध्ये लिथियम ब्रोमाइडचे दाट द्रावण शिंपडतात आणि ते वाफ पिऊन टाकते. वाफ पिऊन पातळ झालेले द्रावण पंपाने जनरेटरमध्ये जाते, तिथे तुमचे ८५ ते ९५ अंशांचे गरम पाणी त्यातील पाणी उडवते, दाट झालेले द्रावण परत येते आणि उडालेली वाफ कंडेन्सरमध्ये पाणी होऊन इव्हॅपोरेटरकडे जाते. कॉम्प्रेसरचे काम येथे द्रावणाची तहान करते. (हा जनरेटर विजेचा नव्हे, एवढे गटातील मंडळींना आधीच सांगून ठेवा, आमच्याकडे या एका शब्दावरून बैठकीचा अर्धा तास गेला होता.)

त्यामुळे भाराचा बदल हा या यंत्रात द्रावणाच्या दाटपणाचा बदल असतो. गरम माल भरला की चेंबरकडून परतणारे पाणी अधिक उबदार येते, इव्हॅपोरेटरमध्ये वाफ जास्त होते आणि पहिली काही मिनिटे यंत्र आहे त्या दाट द्रावणाच्या जोरावर जास्त थंडी देतेही. पुढे द्रावण पातळ होऊन त्याची तहान मंदावते, बाहेर जाणारे पाणी ७ ऐवजी ८-९ अंशांवर सरकते आणि ते पाहून नियंत्रक गरम पाण्याची झडप अधिक उघडतो. तुमच्या रॉकेलच्या फ्रीजची वात मोठी करण्याचाच हा प्रकार. परंतु जनरेटरचे लोखंड आणि त्यातील द्रावण तापून दाटपणा नव्या जागी स्थिरावेपर्यंत बराच वेळ जातो. मी पाहिलेल्या यंत्रांत पंधरा-वीस मिनिटे सहज लागत.

भार एकदम उतरला तर याच्या उलट घडते, आणि खरी काळजी तिथेच आहे. वाफ कमी येऊ लागते, पण तापलेला जनरेटर पाणी उडवीतच राहतो, द्रावण प्रमाणाबाहेर दाट होते आणि थंड पाणी गोठण्याच्या दिशेने जाते. तापमान फार उतरल्यास यंत्र स्वतःहून बंद पडते, हे ठीकच; पण वारंवार असे होणे बरे नव्हे. शिवाय भार कमी असताना द्रावणाचा पंप पूर्ण वेगानेच फिरत राहिला तर तेवढे सगळे द्रावण उगाच तापवावे व निववावे लागते. म्हणून पंपाला वेग बदलणारा ड्राइव्ह आहे का, हे विक्रेत्याला अवश्य विचारा.

उत्तर : चिलर ऑपरेटर, धुळे

वरील सरांनी सांगितलेला दाटपणा मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका कापड प्रक्रिया कारखान्यात रात्रपाळीला असताना पूर्ण भारावर वीज गेली. अशी यंत्रे नेहमी बंद करताना उष्णता तोडून पंप काही वेळ चालू ठेवतात, म्हणजे दाट व पातळ द्रावण एकमेकांत मिसळते. त्या रात्री डिझेल सेट वेळेवर सुरू झाला नाही आणि हीट एक्स्चेंजरमध्ये (गरम दाट द्रावण आपली उष्णता पातळ द्रावणाला देते त्या भागात) दाट द्रावणाचे खडे जमले. वजनाने ६५ टक्क्यांच्या आसपास गेलेले द्रावण निवले की त्याची खडीसाखर होते, असेच समजा. जनरेटरमधून जास्त झालेले गरम द्रावण सरळ ॲब्सॉर्बरमध्ये सोडणारी एक वाकडी नळी असते. एरवी ती कोमट असते. आमचे वरिष्ठ त्या नळीला हाताची पाठ लावून पाहत. चटका बसला की खडे धरले, हे कळायचे. त्या वेळी ती नळीही पुरली नाही आणि एक्स्चेंजरवर गोणपाट गुंडाळून सकाळपर्यंत गरम पाणी ओतत बसावे लागले. आपल्याकडे विजेचा लपंडाव नवा नाही, म्हणून द्रावणाचा पंप आपोआप चालू होणाऱ्या सेटवर असलाच पाहिजे. हा पंप काही किलोवॅटचाच असतो. यंत्राची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणाऱ्या कूलिंग टॉवरचे पाणी थंडीच्या दिवसांत गरजेपेक्षा गार झाले तरी हेच संकट येते, तेव्हा टॉवरचा पंखा तापमानानुसार बंद होण्याची सोय करून घ्यावी.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. १० टन केळी ३८ अंशांवरून १६ अंशांवर आणायची झाल्यास किती क्षमता लागेल? आणि पाण्याचा खर्च किती येईल? उन्हाळ्यात आमच्या विहिरी तळ गाठतात.

उत्तर : निवृत्त यंत्र अभियंता, भुसावळ

केळीची विशिष्ट उष्णता किलोमागे अंशाला सुमारे ३.४ किलोज्यूल धरली तर ७४८ मेगाज्यूल काढावे लागतील. हे काम ८ तासांत करायचे म्हटले तर २६ किलोवॅट, म्हणजे शीतकरणाच्या भाषेत जवळपास साडेसात टन. २४ तासांत करायचे म्हटले तर अडीच टन. भिंतींतून येणारी, पंख्यांची आणि फळाच्या श्वसनाची उष्णता यात धरलेली नाही, आणि पिकू लागलेल्या केळीचे श्वसन कित्येक पटींनी वाढते, म्हणजे भाराचा दुसरा चढ माल भरल्यानंतर काही दिवसांनी येतो. चारही चेंबर एकाच दिवशी भरू नका; ते एकाआड एक भरल्यास हे चढ एकमेकांवर येणार नाहीत. थंड पाण्याची १०,००० लिटरची टाकी मध्ये ठेवली आणि तिचे पाणी ७ ते १२ अंशांच्या दरम्यान खेळू दिले, तर तिच्यात सुमारे साडेसोळा टन-तास थंडी साठते, म्हणजे वरचा साडेसात टनांचा भार ती एकटी दोन तास पेलते. मंदगती यंत्राला तेवढी सवड पुरते.

पाण्याबाबत मात्र मन घट्ट करावे लागेल. एका टप्प्याच्या यंत्राचा कार्यगुणांक (दिलेल्या उष्णतेच्या किती पट थंडी मिळते तो आकडा) ०.७ च्या आसपास असल्याने चेंबरची उष्णता आणि गरम पाण्याची उष्णता मिळून थंडीच्या जवळजवळ २.४ पट उष्णता टॉवरला फेकावी लागते. टनामागे तासाला साडेबारा लिटर पाणी नुसते वाफ होऊन जाईल आणि क्षार वाढू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळेच. टॉवर लावलेल्या कॉम्प्रेसरला याच्या निम्मे पुरते. कोरड्या हवेमुळे मे महिन्यात टॉवर उलट चांगले काम करतो; दमट श्रावणात तो ढिला पडतो.

मूळ प्रश्नकर्ता

हिशोब गटासमोर ठेवतो. टाकीसाठी चेंबरमागे जागा आहे. बोअरचे पाणी जड असून चहाच्या पातेल्याला महिनाभरात पांढरा थर धरतो, म्हणून पाण्याचा नमुना तपासणीला देऊन मगच विक्रेत्याला बोलावतो.