मदत हवी आहे : पुढच्या अंगणात लॉनच पाहिजे म्हणे! लातुरात?

कोपऱ्याचा_प्लॉट

नमस्कार मंडळी. लातूरच्या वेशीला, महापालिका हद्दीतच, एका नियोजित कॉलनीत आमचा 30 बाय 50 चा कोपऱ्याचा प्लॉट आहे. घर प्लास्टरपर्यंत आलंय. आता अंगणाचा नकाशा कॉलनीच्या समितीकडून मंजूर करून घ्यायचाय. खरेदीच्या कागदांबरोबर कॉलनीच्या नियमांची एक पुस्तिका मिळाली होती, ती तेव्हा कुणी उघडलीच नाही. परवा उघडली आणि डोकं धरून बसलोय.

पुढच्या बाजूला फक्त लॉन. भाजीपाला, फळझाड चालणार नाही. झाडं यादीतलीच : रॉयल पाम, फायकस, कोनोकार्पस. पुढं कुठलंही 'बांधकाम' नको, म्हणजे आईच्या तुळशी वृंदावनालाही काट. आणि मागच्या कोपऱ्यात शेत होतं तेव्हापासूनचा कडुनिंब आहे, तो यादीत नाही म्हणून काढा म्हणायलेत.

2016 च्या एप्रिलात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. मी तेव्हा हंडे घेऊन रांगेत होतो. त्या गावात मी गवताला पाणी पाजू का?

भांडण करायचं नाही, शेजारी आयुष्यभराचे आहेत. पण हे बदलून कसं घ्यावं? आणि लॉनऐवजी काय लावावं? माती काळी आहे, तीन-साडेतीन फुटांखाली मुरूम लागतो.

बागवाला_संभाजीनगर

दादा, तुमची पुस्तिका पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी प्रोजेक्टची झेरॉक्स वाटते. आमच्याकडं अशा तीन पाहिल्या, एकीत तर समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला टिकणाऱ्या झाडांचा परिच्छेद होता!

पाण्याचा हिशोब मांडून द्या, भावनेपेक्षा तो लवकर पटतो. गेटची वाट सोडून 200 चौरस फूट लॉन धरा. एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर लागतं, म्हणजे रोज 90 ते 100 लिटर, महिन्याला तीन हजार. दोन महिने पुरे व्हायच्या आत पाच हजार लिटरचा टँकर नुसत्या गवताला संपतो. कॉलनीत जितकी घरं, त्यानं गुणा आणि सभेत वाचून दाखवा.

दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते खरा हाच. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते. प्लिंथला (घराच्या जोत्याला) चिकटून लॉन केलं की भिंतीजवळची माती सतत ओली आणि चार फुटांवरची कोरडी. मग फरशी उचलते, ओट्याला तडे जातात. समितीत एखादा इंजिनियर असेलच, त्याला हे सांगायला लागणार नाही. घराभोवती तीन फुटांचा पट्टा काळी माती काढून मुरूम दाबून घ्या, वर बाहेर उताराची फरशी. पेव्हर ब्लॉकसुद्धा काळ्या मातीवर थेट बसवू नका, पहिल्याच पावसाळ्यात पार्किंगची लाटालाटांची गादी होते.

लावायचं तर कण्हेर, तगर, पारिजातक, बोगनवेल, जमिनीलगत कोरफड. मोठं एखादं हवं तर बहावा, भिंतीपासून लांब. फायकस आणि कोनोकार्पस दोन्ही टाळा. मुळं पाइपात शिरतात. कोनोकार्पसवर तर गुजरात सरकारनं 2023 मध्येच लागवडबंदी घातली.

जुना_सचिव

दहा वर्षं सोसायटीचा सचिव होतो (सध्या सुखी आहे). आधी एक पाहा : ही पुस्तिका बिल्डरनं दिलेली की सर्वसाधारण सभेनं मंजूर केलेली? बिल्डरची असेल आणि सोसायटी नोंदली गेली असेल, तर सभेत विषय ठेवून बदल मागता येतो. त्यासाठी तोंडी नाही, लेखी अर्ज, पोच घेऊन. आणि मंजुरीच्या आधी एकही रोप लावू नका. आधी लावलं की विषय झाडाचा राहत नाही, मानापानाचा होतो.

कडुनिंबाला मात्र हात लावू देऊ नका. शहरी भागात झाडं तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. समितीची यादी त्या कायद्याच्या वर नाही. अर्जात नम्रपणे लिहा : 'परवानगीशिवाय तोडल्यास जबाबदारी कोणाची, हे लेखी कळवावे.' बहुतेक जणांचा उत्साह तिथंच ओसरतो.

मोंढ्याजवळचा

वृंदावनाला 'बांधकाम' म्हणणाऱ्यांच्या घरी तुळशीचं लग्न लावत नाहीत का? दगडी किंवा सिमेंटचं तयार वृंदावन मिळतं, उचलून ठेवता येतं. कुंडी म्हणून नकाशात दाखवा, प्रश्न मिटला.

बागवाला_संभाजीनगर

एक राहिलंच. कोपऱ्याचा प्लॉट म्हणताय, तर दोन रस्ते मिळतात त्या टोकाला दाट कुंपण किंवा उंच झुडूप नको. वळणारी गाडी दिसत नाही. समितीचा हा नियम असेल तर त्याला विरोध करू नका. चार गोष्टी मागताना एक मान्य केलेली बरी.

कोपऱ्याचा_प्लॉट

सगळ्यांचे आभार. पुस्तिका बिल्डरचीच निघाली, सोसायटी गेल्या वर्षी नोंदली. अर्ज टाइप करायलोय.

छताचं पावसाचं पाणी जमिनीत जिरवायचा मुद्दाही अर्जातच घालावा म्हणतो. 900 चौरस फूट छत, 700 मिमी पाऊस आणि वाया जाणारं वजा, तरी 45 हजार लिटरच्या पुढं जातं. 500 चौरस मीटरखालच्या प्लॉटला पाणी जिरवायची सक्ती नाही, पण एवढं पाणी रस्त्यावर सोडवत नाही.

शोषखड्डा मुरमापर्यंत नेणार आहे, काळ्या मातीत पाणी जिरत नाही हे पाहिलंय. अडचण एकच : उतार शेजाऱ्याच्या बाजूला आहे. खड्डा त्याच्या भिंतीपासून किती लांब ठेवावा? पाच फूट जागा निघते, त्यापुढं कडुनिंबाची मुळं आहेत. कुणी अशा जागेत केला असेल तर फोटो टाका ना.